भिंतीचा फळा : उपनगरांतील रंगवलेल्या वस्त्यांचा एक मागोवा

फेब्रुवारी २०२६ मध्ये दुबईत भरलेल्या जागतिक शासन परिषदेत दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा पुरस्कार मुंबईच्या चित्रकार रूबल नागी यांना देण्यात आला. महाराष्ट्राला हा पुरस्कार अपरिचित नाही. २०२० साली तो सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना मिळाला होता, आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली होती. डिसले यांच्या बाबतीत 'शिक्षक' या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. शाळा होती, वर्ग होता, हजेरीपट होता. नागी या भित्तिचित्रे आणि शिल्पे करणाऱ्या कलावंत. त्यांचे नाव मुंबईकरांच्या कानी पडले ते झोपडपट्ट्यांच्या भिंती रंगवण्याच्या उपक्रमामुळे. मग भिंत रंगवणारा हात शिक्षकाचा हात केव्हा होतो? हा प्रश्न आम्हांला पुरस्कारापेक्षा मोठा वाटतो, आणि त्याचे उत्तर एका व्यक्तीच्या कर्तृत्वात शोधण्याआधी वस्तीच्या भिंतीच्या इतिहासात शोधावे असेही वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : वस्तीतल्या भिंतीवर चढवलेल्या रंगाचे मोल त्या भिंतीसमोर कोण उभे आहे यावरून ठरते. दुरून पाहणाऱ्यासाठी रंगवलेली भिंत आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या मुलासाठी रंगवलेली भिंत या दोन निराळ्या वस्तू आहेत, रंग एकाच डब्यातला असला तरी.

मुंबईच्या उपनगरांतल्या झोपडपट्टीची भिंत कधीच कोरी नव्हती. महाराष्ट्र झोपडपट्टी कायदा १९७१ साली आला. १९७६ साली शासनाने मुंबईतील झोपड्यांची गणना केली आणि रहिवाशांना फोटोपास दिले. तेव्हापासून पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने दारावर किंवा पत्र्यावर घातलेला क्रमांक हा या भिंतीवरचा पहिला महत्त्वाचा मजकूर ठरला. तो पुसू नये म्हणून माणसे जपत, कारण त्या आकड्यावर पुढे घराचा हक्क अवलंबून असे. या क्रमांकाच्या शेजारी घोषणा आल्या, पक्षांची चिन्हे आली, दंतमंजनाच्या आणि सिमेंटच्या जाहिराती आल्या. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलीस गोळीबारात दहा माणसे मारली गेली. अशा वस्त्यांच्या भिंतींवरचा निळा रंग आणि बाबासाहेबांचे चित्र यांना शोभेपलीकडचा अर्थ आहे, हे सांगण्याची गरज नाही. तेथल्या चित्रांखाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव टाकणारा गल्लीतला 'पेंटर' हाच या शहराचा खरा पहिला रस्त्यावरचा चित्रकार. पुढे फ्लेक्सच्या छपाईने त्याचे पोट हिरावले. १९९५ सालच्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियमाने परवानगीशिवाय भिंतीवर लिहिणे-रंगवणे हा गुन्हा ठरवला. क्रमांक, घोषणा, जाहिरात, प्रतिमा असा हा क्रम पाहिला म्हणजे ध्यानात येते की वस्तीची भिंत बराच काळ बाहेरच्यांनी वस्तीला उद्देशून वा वस्तीने बाहेरच्यांना उद्देशून लिहिण्याची जागा होती. तेथल्या लहान मुलांसाठी त्या भिंतीवर कोणी काही लिहिले नव्हते.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा आतल्या-बाहेरच्या नजरेचा प्रश्न नवा नाही. १९६३ हे वर्ष त्या दृष्टीने लक्षणीय. त्या एकाच वर्षी जयवंत दळवींची 'चक्र' ही कादंबरी आणि बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' आली. दळवी आणि कर्णिक यांनी झोपडपट्टीकडे सहानुभूतीने पाहिले. पण ते पाहणे होते. बागुलांच्या कथेत वस्ती स्वतः बोलू लागली. यांच्याही आधी अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत होते. 'फकिरा' (१९५९) लिहिणारा हा लेखक जेथे राहत होता ती वस्ती 'चिरागनगरची भुतं' या त्यांच्या कथासंग्रहाच्या नावातच येऊन बसली आहे. बाहेरून केलेल्या वर्णनाला आम्ही कमी लेखत नाही. 'चक्र' नसती तर मराठी मध्यमवर्गाने ते जग कित्येक वर्षे पाहिलेही नसते. परंतु वर्णनाचा विषय होणे आणि वर्णन करू लागणे यांतले अंतर केवढे आहे, ते या दोन पुस्तकांच्या शेजारावरून कळते. रंगाच्या बाबतीतही नेमके हेच अंतर मोजायचे आहे.

या अंतराचे सर्वांत ठळक उदाहरण चिरागनगरापासून फार दूर नाही. अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्यावर असल्फा नावाची वस्ती टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली आहे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि उंचावरून जाणाऱ्या डब्याच्या खिडकीतून ही टेकडी रोज हजारो प्रवाशांना दिसू लागली. तोवर रस्त्यावरून जाणाऱ्याला वस्तीचा फक्त दर्शनी भाग दिसे. मेट्रोने तिचा सबंध उभा छेद दाखवला. २०१७च्या अखेरीस देदीप्या रेड्डी यांच्या पुढाकाराने 'चल रंग दे' हा उपक्रम येथे सुरू झाला. शेकडो स्वयंसेवक सुटीच्या दिवशी जमले, रहिवाशांनीही हात लावला, आणि टेकडी पिवळी, जांभळी, निळी, गुलाबी झाली. वृत्तपत्रांनी तिची तुलना इटलीच्या समुद्रकाठच्या पोसितानो गावाशी केली. माणसे छायाचित्रे काढायला येऊ लागली.

ही लाट नेमकी त्याच सुमारास का उसळली, याची कारणे भावनेपेक्षा व्यवहारात सापडतात. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि एप्रिल २०१४ पासून ती तरतूद लागू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, आणि शहरोशहरी उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणे, रेल्वे स्थानके रंगवण्याचा सपाटा लागला. रंगवलेली भिंत हे काम लवकर पुरे होते, स्वयंसेवकांना दोन दिवसांत समाधान देते आणि छायाचित्रात चांगले येते. रंग बनवणाऱ्या कंपन्यांना त्यात रस वाटला यात नवल नाही. जगभरही हेच चालले होते. रिओच्या वस्त्यांत दोन डच कलावंतांनी २००६च्या सुमारास आरंभलेली आणि २०१०च्या सांता मार्ता चौकातल्या रंगकामाने गाजलेली कामगिरी, मेक्सिकोतील पाचुका शहराच्या टेकडीवर २०१५ मध्ये दोनशेहून अधिक घरांवर काढलेले एकच अखंड चित्र, इंडोनेशियात मलांग शहरातील जोदिपान (२०१६) आणि सेमारांगमधील 'इंद्रधनुष्य गाव' (२०१७) ही त्याच काळातली भावंडे. बहुतेक ठिकाणी वस्ती उतारावर आहे आणि समोर पूल, रस्ता किंवा रेल्वे आहे. रंगाने निवडलेली जागा प्रेक्षकाच्या जागेवरून ठरलेली दिसते.

असल्फाच्या रंगावर टीका झाली ती याच मुद्द्यावर. टेकडी चमकली, नळ, संडास आणि उताराचा धोका जिथल्या तिथे राहिला. घाटकोपरच्याच आझाद नगरात जुलै २००० मध्ये दरड कोसळून साठाहून अधिक माणसे दगावली होती, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना उतारावरच्या घराला पोसितानो म्हणणे खटकणारच. ही टीका आम्हांला मान्य आहे, पण पुरती नाही. 'रंगाऐवजी पाणी द्या' हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते. मात्र त्यामागे गरिबाला आधी पोटाचे आणि मग, उरले तर, डोळ्यांचे मिळावे असा एक उतरंडीचा विचार दडलेला असतो. दारासमोर रांगोळी घालणाऱ्या बाईने तो विचार कधी मान्य केलेला नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. रंगामुळे कोणाचे काय बदलले, हे विचारताना आपण मेट्रोतल्या प्रवाशाचे उत्तर पुरेसे मानतो, हा तो आक्षेप.

नागींच्या कामाकडे येताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते, कारण 'मिसाल मुंबई' हा त्यांचा उपक्रमही सुरुवातीला याच लाटेतला एक मानला गेला. त्यांच्या कला प्रतिष्ठानाने मुंबईतील वस्त्या रंगवल्या. तेथेही झगझगीत रंग, स्वयंसेवक आणि कॅमेरे होतेच. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पहिली, रंगाआधी गळणाऱ्या छपरांची आणि ओल्या भिंतींची डागडुजी करण्याचा आग्रह. मुंबईच्या पावसाळ्यात पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला ही बाब सौंदर्याइतकीच, किंबहुना अधिक, जिव्हाळ्याची असते. दुसरी, आणि आमच्या विषयाला महत्त्वाची, म्हणजे वस्तीत मुलांच्या चित्रकलेच्या कार्यशाळा घेणे. रंगकाम दोन-चार दिवसांत आटोपते. कार्यशाळेला पुन्हा पुन्हा यावे लागते. पुन्हा येणाऱ्या माणसाला मुले ओळखू लागतात, आणि कोणते मूल शाळेत जात नाही हे त्या माणसाला कळू लागते. या कार्यशाळांतूनच पुढे शिक्षण केंद्रे उभी राहिली. पुरस्काराच्या वेळी देशभरातील अशा केंद्रांची संख्या आठशेहून अधिक असल्याचे सांगण्यात आले. पडक्या, बेवारस भिंतींवर अक्षरे, अंक, विज्ञानातील आकृती, इतिहासातील प्रसंग, स्वच्छतेचे आणि पाण्याचे धडे रंगवून त्यांचा शिकवण्यासाठी वापर करणे ही या केंद्रांची ओळख. येथे भिंतीने तोंड फिरवले. जी रस्त्याकडे पाहत होती ती गल्लीकडे पाहू लागली.

ही कल्पना नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. शाळेपर्यंत न येणाऱ्या मुलापर्यंत शाळेनेच जावे, हा विचार या भूमीत १९४५ सालीच रुजला. ताराबाई मोडकांनी त्या वर्षी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हरिजनवाड्यातली मुले बालवाडीच्या इमारतीत येईनात, तेव्हा त्या आणि अनुताई वाघ बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणे शक्य नव्हते, म्हणून कुरणशाळा निघाली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रुळलेला शब्द याच खटपटीतून जन्मला. मुंबईत १९८८ साली रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केले तेव्हाही सूत्र तेच होते : उंबरठा मुलाने ओलांडायचा नाही, शाळेने ओलांडायचा.

भिंतीचा धागाही त्याच परिसरातून येतो. कोसबाड ज्या डहाणू तालुक्यात आहे तेथे वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिला जातो. हो, वारली बोलीत चौक 'लिहितात', आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर आली आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) जगाला ठाऊक झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेच्या पाड्यांतही वारली कुटुंबे राहतात. म्हणजे लिहिलेली भिंत ही उपनगरांत बाहेरून आणलेली चीज नाही, ती झोपडपट्टीच्या आणि मेट्रोच्याही आधीपासून येथे आहे. तिसरा धागा जिल्हा परिषदेच्या शाळांचा. 'बोलक्या भिंती' हा शब्द प्राथमिक शिक्षकांच्या तोंडी आता इतका रुळला आहे की त्यातले रूपकही जाणवत नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे, दाराच्या फिरत्या पाखाखाली कोन, ओटीवर नकाशा अशी ती योजना. नागींच्या भिंती याच बोलक्या भिंतींच्या शहरी बहिणी आहेत. फरक एवढाच की येथे भिंतीला शाळाच नाही.

चित्र हा शिक्षणाचा रस्ता होतो म्हणजे नेमके काय होते? आम्ही भाषेचे अध्यापक असल्याने याचे उत्तर अक्षराकडून शोधतो. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर बोटाने गिरवी. धुळाक्षर चुकले तर हात फिरवला की पाटी कोरी. पुढे बालवर्गांत 'ग म भ न' हा क्रम आला, तो वर्णमालेचा नसून वळणांचा आहे; एका आकाराचा हात बसला की त्याच्या शेजारचे अक्षर सोपे जाते. देवनागरी लिहिणे म्हणजे उभी रेघ, अर्धवर्तुळ, गाठ आणि वर आडवी रेघ यांची जुळणी, म्हणजे मुळात चित्रच. ज्या मुलाने कधी पेन्सिल धरलेली नाही त्याला 'क' काढायला सांगितले तर ते पहिल्याच क्षणी नापास होते. त्याला पतंग काढायला सांगितले तर तो कसाही आला तरी पतंगच असतो. चित्रात पहिली चूक होत नाही, आणि ज्याने आजवर फक्त चुकाच ऐकल्या त्याला ही सूट फार मोठी असते.

दुसरी गोष्ट मुंबईची खास. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. साकीनाक्यापासून घाटकोपरपर्यंतच्या एखाद्या गल्लीत शेजारशेजारची तीन मुले तीन माध्यमांत जातात आणि चौथे कोठेच जात नाही. ही चौघे ज्या एका फळ्यासमोर एकत्र बसू शकतील तो फळा कोणत्या भाषेत असावा? भिंतीवरचा मासा चौघांनाही मासा आहे. मग एकजण 'मासा' म्हणतो, दुसरा 'मछली', तिसरा 'मीन', आणि चौथ्याला तिन्ही शब्द मिळतात. चित्र भाषेची जागा घेत नाही, भाषा येईपर्यंत तिची जागा राखून ठेवते. ज्या आम्हांला मराठी टिकण्याची काळजी वाटते, त्यांनी हे नीट पाहावे. परभाषक मूल मराठीकडे सक्तीने येते त्याहून चित्रावाटे आलेले मूल अधिक आपखुशीने येईल, असा आमचा अंदाज आहे.

आणखी एक कटू बाजू आहे. महाराष्ट्रात शालेय विद्यार्थ्यांसाठी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आहेत. त्यांतील श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात. व्यवस्था चांगली आहे. पण रंगपेटी, ब्रश, कागद आणि सराव करायला घरात सपाट जागा हे सारे जमवून मगच मूल त्या परीक्षेच्या दारात पोहोचते. दहा बाय दहाच्या खोलीत जमीन झोपायला आणि स्वयंपाकाला लागते. उरते ती भिंत. म्हणून वस्तीत मुलाच्या हाती भिंत देणे म्हणजे त्याला अक्षरशः जागा देणे आहे.

आता आक्षेपाची दुसरी बाजू. या भिंती टिकत नाहीत. मुंबईचा एक पावसाळा रंगाला फिका करतो, दोन-तीन पावसाळे पापुद्रे काढतात. ज्या वस्त्यांचा पुनर्विकास होतो तेथे तर भिंतच जाते. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि तेव्हापासून आडवी वस्ती उभ्या इमारतीत बदलण्याचे काम चालू आहे. गल्ली गेली की गल्लीतला फळाही जातो. सातव्या मजल्यावरच्या सदनिकेच्या बाहेर मुलांनी जमावे अशी जागा क्वचितच असते. रंगाने सजवलेल्या भिंतीला हे मरण पराभवासारखे आहे. फळ्याला मात्र पुसले जाण्याचे दुःख नसते. वारल्यांचा चौक लग्नापुरता असतो, धूळपाटी तर क्षणापुरती होती. त्यामुळे नागींसारख्यांच्या कामाचे यश मोजताना किती घरे रंगवली हा आकडा आम्हांला दुय्यम वाटतो. किती मुले शाळेत गेली, त्यांतली किती टिकली, आणि त्यांतल्या एखाद्याने पुढे स्वतः काही काढले वा लिहिले का, हे मोजमाप महत्त्वाचे. त्याला वेळ लागतो आणि त्याचे छायाचित्र निघत नाही. शिक्षणाचा हक्क कायदा एप्रिल २०१०पासून लागू असतानाही अशा केंद्रांची गरज पडते, ही गोष्ट पुरस्काराच्या आनंदात विसरता कामा नये; कलावंत जे करतो ते व्यवस्थेने न केलेले काम असते, आणि टाळ्यांनी व्यवस्थेची सुटका होऊ नये.

मराठीच्या वर्गात आपण 'चक्र' शिकवतो, बागुल शिकवतो, अण्णा भाऊंची जयंती साजरी करतो. उपनगरांतल्या महाविद्यालयांत समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे घर अशाच एखाद्या टेकडीवर असते, आणि आपण शिकवत असलेले वर्णन त्यांना कसे वाटते हे आपण फारसे विचारत नाही. ते विचारले जावे. त्यांच्यापैकी एखाद्याने आपल्या गल्लीतल्या भिंतींचा मजकूर वर्षावर्षाने नोंदवून ठेवला, पाहणीच्या क्रमांकापासून मुलांनी काढलेल्या माशापर्यंत, तर तो शोधनिबंध आम्ही आनंदाने वाचू. आजवर ही भिंत बाहेरच्यांनीच वाचली आहे.